कॅशे: लिहायचा असा, म्हणायचा 'कॅश', आणि उडवायचा कधी

मावशीच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडत नव्हतं. मी फोनवरून सांगितलं, "मावशी, सेटिंगमध्ये जा आणि अ‍ॅपची कॅश क्लिअर कर." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "अरे, कॅश कशाला क्लिअर करू? आहे तेवढीच आहे खात्यात!"

बँकेचं अ‍ॅप समोर असताना 'कॅश' ऐकून रोकड आठवली, यात तिचं काय चुकलं? चूक माझी. संगणकाशी संबंध असलेली माणसं हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडावर फेकतात: "कॅश असेल", "कॅश मार", "कॅशमधून येतंय". समोरचा मान हलवतो, मेनूत दिसेल ते बटण दाबतो, आणि एखाद्या दिवशी भलतंच काही उडवून बसतो. असा सल्ला ज्यांना मिळतो आणि नक्की काय करतोय हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून यंत्राने हाताशी ठेवलेला साठा, तपशील पुढे येतोच. आधी शब्दाचं नाव-गाव पाहू. इंग्रजीत रोख रकमेचा 'कॅश' आणि हा शब्द यांचं स्पेलिंग वेगळं (cash आणि cache), उच्चार मात्र एकच. दोन्ही 'कॅश'. ऑस्ट्रेलियात बरेच जण याला 'केश' म्हणतात. 'कॅची' आणि 'कॅशी' हे स्पेलिंगवरून बांधलेले अंदाज आहेत. 'कॅशे' हा उच्चार इंग्रजीत वेगळ्याच एका शब्दाचा, त्याचा अर्थ प्रतिष्ठा. पण फोन मराठीत लावला तर मेनूत 'कॅशे' असंच छापलेलं दिसतं, आणि मला ते सोयीचं वाटतं. लिहिताना 'कॅशे' लिहिलं की रोकडीशी गल्लत होत नाही. बोलताना कोणी 'कॅश' म्हटलं तर ते बरोबर आहे, त्याला सुधारायला जाऊ नका. लिंगाचं म्हणाल तर मंडळी 'कॅश उडवली' म्हणतात आणि 'कॅशे उडवला'ही म्हणतात. मी इथे पुल्लिंगी धरतोय.

शब्द आला फ्रेंचमधून. मूळ क्रियापदाचा अर्थ लपवणे. उत्तर अमेरिकेच्या रानात फरसाठी प्राण्यांची शिकार करणारे फ्रेंचभाषक प्रवासी परतीच्या वाटेसाठी शिधा आणि सामान जमिनीत पुरून ठेवत, त्या साठ्याला हा शब्द होता. तिथून तो इंग्रजीत शिरला. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची खोट काढून टाकली आणि लगेच लोकांनी रानावनात डबे लपवून ते जीपीएसवर शोधायचा खेळ सुरू केला, त्याचं नाव 'जिओकॅशिंग'. त्यातला 'कॅश' हाच.

संगणकात हा शब्द १९६८ च्या सुमारास आला. कल्पना त्याआधीची. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये दोनच पानांचा एक निबंध लिहून मोठ्या, संथ मेमरीच्या पुढ्यात एक छोटी, वेगवान मेमरी बसवावी असं सुचवलं होतं. त्यांनी तिला 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं. आयबीएमने सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात अशी मेमरी प्रत्यक्ष बसवली, १६ ते ३२ किलोबाइटची. तिच्यावरचा लेख कंपनीच्या नियतकालिकात छापायचा होता. लेखकांनी वापरलेलं 'हाय-स्पीड बफर' हे नाव संपादकाला फिकं वाटलं, आणि त्याने 'कॅशे' सुचवलं. एका संपादकाच्या नाक मुरडण्यातून रूढ झालेला शब्द आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

म्हणजे नक्की काय

आपल्याकडे म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावाला वळसा घालायच्या आधी काखेत बघायची सवय यंत्राला लावली, की झाला कॅशे. एकदा लांबून आणलेली, किंवा एकदा मेहनत करून काढलेली गोष्ट हाताशी ठेवून द्यायची. पुन्हा मागणी आली की आधी हाताशी बघायचं. सापडली तर ते 'कॅशे हिट', नाही सापडली तर 'कॅशे मिस', मग निमूट वळसा घालायचा आणि येताना एक प्रत काखेत मारून आणायची.

पाढे हा तसाच प्रकार. सोळा सत्ते किती, हे दर वेळी बेरीज करून काढता येतं. पण एकशे बारा पाठ असतं, म्हणून उत्तर जिभेवर असतं. पाढ्याने गणित बदलत नाही, फक्त पुन्हा करावं लागत नाही. आणि पाढे विसरलात तरी बेरीज करून उत्तर येतंच, थोडा वेळ लागतो इतकंच. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर उभं आहे.

वळसा किती मोठा असतो याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. प्रोसेसरच्या अगदी आतल्या कॅशेमधून माहिती यायला साधारण एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, लागतो. त्या एका नॅनोसेकंदाला आपण एक सेकंद मानू. मग त्याच मापाने रॅममधून, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीतून, यायला सुमारे शंभर सेकंद, म्हणजे दीड मिनिटाहून जास्त. एसएसडी डिस्कवरून आणायची तर सव्वा दिवसाच्या आसपास. आणि दूरच्या सर्व्हरवरून, म्हणजे इंटरनेटवरून माहिती पुरवणाऱ्या यंत्रावरून, जिथे एका खेपेला सेकंदाचा दहावा भाग जातो, तिथून यायला तीन वर्षं. आकडे ढोबळ आहेत, यंत्रागणिक बदलतात, पण अंतरांचं प्रमाण हेच. तीन वर्षांची खेप वाचवायला कोण उत्सुक नसेल? म्हणून प्रोसेसरमध्ये कॅशे, डिस्कपुढे कॅशे, ब्राउझरमध्ये कॅशे, अ‍ॅपमध्ये कॅशे, वाटेतल्या सर्व्हरवर कॅशे, अशी रांगच लागलेली असते.

मग अडतं कुठे? कॅशेमध्ये असते ती प्रत. मूळ वस्तू दुसरीकडे असते, आणि ती बदलली तर प्रतीला आपोआप कळत नाही. प्रत शिळी होते. वेबसाइटवरची वेळापत्रकाची फाइल सकाळी बदलली, तुम्हाला दुपारीही जुनीच दिसतेय, तर ती शिळी प्रत आहे. प्रत कधी टाकून द्यायची हे ठरवणं हे संगणकशास्त्रातलं नामांकित दुखणं. नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीत काम केलेल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं, की या शास्त्रात अवघड गोष्टी दोनच: कॅशे रद्द करणं आणि गोष्टींना नावं देणं. नावं ठेवणं नव्हे, ते सगळ्यांनाच जमतं.

बटण दाबायच्या आधी विचारायचा प्रश्न

एकच प्रश्न: याचं मूळ कुठे आहे?

मूळ दुसरीकडे सुरक्षित असेल, तर इथली प्रत खुशाल उडवा. पुन्हा येईल. मूळ इथेच असेल, तर ती प्रत नव्हेच, तो तुमचा माल आहे, मग बटणावर काहीही लिहिलेलं असो.

मी हा प्रश्न नुकसान सोसून शिकलो. टिपणं ठेवायचं एक अ‍ॅप सारखं अडकत होतं. 'कॅशे साफ करा'च्या शेजारचं बटण दाबलं, कारण त्याने जास्त जागा मोकळी होणार होती. झालीही. त्या अ‍ॅपमध्ये मी कुठलंच खातं उघडलेलं नव्हतं, त्यामुळे टिपणांचं मूळ फोनमध्येच होतं. वर्षभराची टिपणं होती ती.

वेबसाइट जुनी दिसतेय: या क्रमाने जा

एकदम सगळं पुसायला धावू नका. लहान उपायाकडून मोठ्याकडे जा.

पहिली पायरी साधं रीलोड. यात ब्राउझर बहुतेक वेळा सर्व्हरला नुसतं विचारतो, "माझ्याकडे ही प्रत आहे, अजून चालेल का?" बदल नसेल तर सर्व्हर ३०४ असा सांकेतिक आकडा पाठवतो, म्हणजे चालेल, तीच वापर. पान पुन्हा उतरवलं जात नाही. पण पानातल्या चित्रांबद्दल आणि इतर फाइलींबद्दल ब्राउझर दर वेळी विचारेलच असं नाही. प्रत्येक फाइलसोबत सर्व्हरने एक मुदत दिलेली असू शकते, ती सेकंदांत असते. ८६,४०० म्हणजे एक दिवस, ३,१५,३६,००० म्हणजे एक वर्ष. मुदत संपेपर्यंत ब्राउझर विचारल्याशिवाय जुनी प्रत दाखवू शकतो, आणि तो नियमानेच वागत असतो.

दुसरी पायरी हार्ड रिफ्रेश. विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-आर किंवा कंट्रोल-एफ५, मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कमांड-शिफ्ट-आर. अर्थ असा की काखेत बघू नकोस, थेट गावाला जा. फक्त त्या पानापुरतं होतं, बाकी कशालाही धक्का लागत नाही. "हार्ड रिफ्रेश मार" असं कोणी म्हटलं की हेच. माझ्या अनुभवात शिळ्या पानाच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. फोनवरच्या ब्राउझरमध्ये मात्र असं सरळ बटण सहसा नसतं, तिथे पुढच्या पायरीवर या.

तिसरी पायरी खरं तर उपाय नाही, तपासणी आहे: तेच पान इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत उघडा. ही खिडकी रिकाम्या कॅशेने सुरू होते. तिथेही पान जुनंच असेल, तर तुमच्या कॅशेचा काही संबंध नाही, पुसापुशी करून उपयोग नाही. तिथे नीट दिसलं, तर दोष तुमच्या ब्राउझरमध्ये आहे. पण तो कॅशेचाच असेल असं नाही, कारण त्या खिडकीत तुमच्या कुकी (साइटने दिलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या, त्यांच्याबद्दल पुढे) नसतात आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तेही सहसा बंद असतात. या तिघांपैकी कोणीतरी एक. ही पायरी लोक हमखास गाळतात. वेळ मात्र सगळ्यात जास्त हीच वाचवते.

चौथी पायरी कॅशे पुसणं. कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं की क्रोम, फायरफॉक्स, एज या तिन्हींत पुसण्याची खिडकी उघडते. इथे थांबा आणि खुणा वाचा. 'ब्राउझिंग हिस्टरी', 'कुकीज' आणि 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. तुम्हाला शेवटची एकच हवी आहे. बाकीच्यांवरची खूण काढा. वर कालावधी निवडायचा असतो, तो 'ऑल टाइम' ठेवा, नाहीतर तासाभरापूर्वीची शिळी प्रत तशीच राहील. कुकीची खूण राहून गेली तर सगळ्या साइटवरून लॉगआउट व्हाल. "कॅशे साफ केला आणि सगळीकडे पासवर्ड मागायला लागलं" ही तक्रार ऐकली की समजावं, कुकी गेल्या.

कुकी म्हणजे साइटने तुमच्या हाती दिलेली ओळखीची चिठ्ठी. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये काढलेली युक्ती. कॅशे वेगासाठी असतो, कुकी ओळखीसाठी. दोन्ही एकाच खिडकीत पुसायला ठेवल्यामुळे लोकांना ती जुळी भावंडं वाटतात.

स्वतः वेबसाइट बनवायला शिकत असाल तर आणखी एक सोय आहे. क्रोममध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडे ठेवा आणि रीलोडच्या बटणावर उजवी क्लिक करा. एरवी न दिसणारा छोटा मेनू येतो, त्यात कॅशे रिकामा करून रीलोड करायचा पर्याय असतो. शिवाय वापरणाऱ्यांना हार्ड रिफ्रेश करायला सांगत बसू नका. फाइल बदलली की तिच्या नावात आवृत्तीचा आकडा बदला. नाव नवं म्हटल्यावर ब्राउझरच्या लेखी ती फाइलच नवी, जुन्या प्रतीचा प्रश्नच येत नाही. मुदत वर्षभराची दिली तरी चालते. नावाने कॅशेचं दुखणं सोडवायचं, म्हणजे कार्लटन यांच्या दोन अवघड गोष्टी एकमेकींवरच घालायच्या.

फोनवरचं अ‍ॅप

अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' उघडा, तिथे 'स्टोरेज' किंवा 'स्टोरेज आणि कॅशे'. आता दोन बटणं दिसतील आणि या दोन बटणांतला फरक हाच या लेखातला सगळ्यात कामाचा भाग.

एक 'क्लिअर कॅशे'. यात अ‍ॅपने पुन्हा मिळवता येईल अशा समजुतीने ठेवलेल्या वस्तू जातात: लहान चित्रं, मागे पाहिलेली पानं, तात्पुरत्या फाइली. खातं, सेटिंग, मजकूर तसाच राहतो. दुसरं 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा'. याने अ‍ॅप नुकतंच बसवल्यासारखं कोरं होतं. लॉगइन जातं, आणि जे फक्त फोनमध्येच होतं तेही जातं. पहिलं बटण दाबताना फोन सहसा काही विचारत नाही, दुसरं दाबताना खात्री विचारतो. फोनने "नक्की?" असं विचारलं तर ते भलतं बटण आहे, मागे फिरा.

इथे 'मूळ कुठे' हा प्रश्न कसा कामाला येतो ते दोन मेसेजिंग अ‍ॅपवरून बघा. टेलिग्रामवर साधे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर असतात. त्यामुळे फोनमधला कॅशे कितीही मोठा होऊन बसलेला असला तरी उडवा, फोटो-व्हिडिओ हवे तेव्हा पुन्हा उतरतात. अपवाद 'सीक्रेट चॅट'चा, ते सर्व्हरवर राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं उलट. तिथला मजकूर फोनमध्ये राहतो. त्याच्या आतल्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये तुम्ही जे पुसता ते खरे फोटो, खरे व्हिडिओ, कॅशे नव्हे. आणि सेटिंगमधून डेटा क्लिअर केला तर बॅकअप न घेतलेले संवाद गेलेच. दिसायला दोन्ही सारखे हिरवे-निळे बुडबुडे, पण मूळ दोन ठिकाणी.

आयफोनवर प्रत्येक अ‍ॅपसाठी कॅशे पुसायचं सरसकट बटण नाही. सफारीसाठी सेटिंगमध्ये सफारीच्या पानावर 'क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा' आहे, त्यात इतिहास आणि कुकीही जातात हे ध्यानात ठेवा. बाकी अ‍ॅपसाठी 'आयफोन स्टोरेज'मध्ये 'ऑफलोड' दिसतं, पण ते अ‍ॅप काढतं आणि त्याचा डेटा ठेवतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या जवळजवळ उलट. काही अ‍ॅप स्वतःच्या सेटिंगमध्ये कॅशेचं बटण देतात. ते नसेल तर अ‍ॅप काढून पुन्हा बसवणं उरतं, आणि मग पुन्हा तोच प्रश्न: मूळ कुठे?

गाण्यांच्या किंवा व्हिडिओच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइनसाठी मुद्दाम उतरवून ठेवलेली सामग्री कॅशे धरत नाहीत, तिचं खातं वेगळं असतं. पण दूर कुठे, नेटवर्क नसलेल्या प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री कसलंही साफसूफ करू नये, असं माझं मत.

रोज साफ करू नका

"फोन फास्ट करायला रोज कॅशे साफ करा" असा सल्ला फिरत असतो. उलट होतं. पाढे विसरून मग परीक्षेला बसण्यासारखं ते आहे. प्रत उडवली की पुढच्या वेळी अ‍ॅपला तीन वर्षांची खेप पुन्हा करावी लागते, म्हणजे पहिल्यांदा उघडताना ते हळू उघडतं आणि इंटरनेटचा डेटाही खर्च होतो. याला 'कोल्ड कॅशे' म्हणतात. हळूहळू साठा पुन्हा जमला की 'वॉर्म'. चार दिवसांनी तो होता तेवढाच भरलेला दिसला तर वैतागू नका, भरलेला असणं हेच त्याचं काम. जागा अपुरी पडली की बहुतेक कॅशे स्वतःच बऱ्याच काळात न वापरलेल्या वस्तू आधी काढून टाकतात.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कॅश्ड' म्हणून मोठा आकडा दिसतो, तोही पाहून घाबरायचं कारण नाही. रिकामी रॅम नुसती पडून राहण्यापेक्षा डिस्कवरच्या वस्तूंच्या प्रती ठेवायला वापरलेली असते. कोणाला गरज लागली की ती लगेच सोडली जाते.

साफ कधी करावं? अ‍ॅप अपडेट झाल्यावर विचित्र वागू लागलं, जुनंच दिसत राहिलं, चित्रं अर्धवट उमटू लागली, किंवा जागा खरोखर संपली, तेव्हा. आणि दुसऱ्याच्या किंवा सामायिक संगणकावर बसला असाल तर उठताना, कारण कॅशेमध्ये तुम्ही पाहिलेल्या चित्रांच्या आणि पानांच्या खुणा राहतात. तिथे सुरुवातीपासून इनकॉग्निटो खिडकी वापरणं जास्त बरं.

जो कॅशे तुमच्या हातात नाही

कधी कधी सगळं पुसूनही जुनंच दिसतं. तेव्हा शिळी प्रत वाटेत कुठेतरी असते. मोठ्या साइट आपल्या फाइलींच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवतात, त्या जाळ्याला 'सीडीएन' म्हणतात. तिथली प्रत साइटवालाच काढू शकतो. साइटचा पत्ता कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवतो याची माहितीही ठिकठिकाणी कॅशेमध्ये राहते, तिच्यावरही मुदत असते. म्हणून साइट नव्या सर्व्हरवर हलवली की "एक-दोन दिवस लागतील" असं सांगतात. तुमच्या संगणकाच्या वाट्याची ती प्रत रीस्टार्ट केल्यावर जाते, बाकीच्यांची वाट पाहावी लागते.

दुवा पाठवल्यावर त्याखाली उमटणारं चित्र आणि मथळा, हाही कॅशेच. तुम्ही लेखाचा मथळा सुधारलात तरी पाठवलेल्या दुव्याखाली जुना दिसत राहतो. फेसबुकवर त्यासाठी 'शेअरिंग डीबगर' नावाचं साधन आहे, त्यात दुवा टाकून 'स्क्रेप अगेन' दाबलं की नवी प्रत घेतली जाते. गुगलच्या निकालांमध्ये पूर्वी 'कॅश्ड' असा दुवा असायचा, बंद पडलेल्या साइटचं जुनं पान त्यातून वाचता यायचं. तो गुगलने २०२४ च्या सुरुवातीला काढून टाकला. शिळ्या प्रतीचा तोच एक उघड फायदा सामान्य माणसाला माहीत होता.

आणि एक उलटा प्रकार

आतापर्यंत म्हटलं, मूळ दुसरीकडे आणि कॅशेमध्ये प्रत. लिहिण्याच्या बाबतीत हे फिरतं. पेनड्राइव्हवर फाइल कॉपी केली, पट्टी पूर्ण भरली, काम झालं असं दिसलं. पण संगणकाने वेग वाचवायला ती आधी मेमरीत घेतलेली असू शकते, आणि पेनड्राइव्हवर तो ती सवडीने उतरवत असतो. त्या घटकेला सगळ्यात ताजी वस्तू कॅशेमध्येच असते. अशात पेनड्राइव्ह उपटला तर फाइल अर्धवट. 'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह'चं बटण म्हणजे "हातातलं सगळं खाली ठेव, मग मला सांग" असा निरोप. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी हा लिहिण्याचा कॅशे मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे धोका कमी झाला. मॅकवर आणि लिनक्सवर मात्र इजेक्ट केल्याशिवाय काढू नका. नेट नसताना एखाद्या दस्तऐवजात केलेले बदल हीसुद्धा याच जातीची गोष्ट: सर्व्हरवर पोचेपर्यंत तुमच्याकडची आवृत्तीच मूळ.

दुसऱ्याला फोनवर सांगताना

'कॅश क्लिअर कर' एवढंच म्हणू नका. समोरच्याला पडद्यावर काय दिसतंय ते आधी वाचायला लावा. "दोन बटणं दिसतायत का? 'कॅशे' लिहिलेलं दाब. 'डेटा' किंवा 'स्टोरेज' लिहिलेल्याला हात लावू नकोस. फोनने 'नक्की?' असं विचारलं तर थांब आणि मला सांग." एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं.

मावशीशी दुसऱ्यांदा बोललो तेव्हा असंच सांगितलं. तिने बरोबर बटण दाबलं, शून्य झालेला आकडाही वाचून दाखवला. अ‍ॅप तरीही उघडलं नाही. ते अपडेट करायचं राहिलं होतं.